निकेल चढवलेलं बिडाचं स्किलेट: घ्यावं का, आणि त्यात काय करावं

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ओहायोत राहता. एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे तुम्हाला चंदेरी रंगाचं बिडाचं स्किलेट, म्हणजे दांड्याचा खोलगट तवा, मिळालं. पाठीवर वर्तुळातला क्रॉस, त्यात 'ग्रिस्वोल्ड', खाली 'ईरी' हे गावाचं नाव आणि दांड्यावर ८ चा आकडा. बाहेरून आणि कडांना मुलामा झकास आहे, पण आतला तळ मधोमध करडा पडलाय. यजमान म्हणतात, निकेल विषारी, टाकून दे. मैत्रीण म्हणते, पुन्हा प्लेटिंग करून घे, म्हणजे नवा मुलामा चढवून घे. तुम्हाला त्यावर घावन घालायचेत, थालीपीठं लावायचीत, जमलं तर पिठलंही करायचंय. आणि असंच आणखी एक मिळालं तर सांगलीला सासूबाईंना न्यायचंय.

घावनाचं पहिल्यांदा सांगून टाकतो. चकचकीत निकेलवर घावन सुटत नाही. हे मी वाचून सांगत नाहीये, हात पोळवून सांगतोय.

भोसरीत मी सव्वीस वर्षं प्लेटिंगचं काम केलं. सायकलची हँडलं, नळाचे कॉक, शिवणयंत्राचे भाग, काय वाट्टेल ते बाथमध्ये, म्हणजे मुलाम्याच्या रसायनाच्या टाकीत, बुडवून काढलंय. लग्न व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. राजापूरजवळच्या आमच्या घरी आईचं भिडं, म्हणजे घावनाचा बिडाचा तवा, होतं, आजीच्या वेळचं, काळंकुळकुळीत. दिवाळीला गेलो आणि येताना ते गुपचूप पिशवीत घालून आणलं. म्हटलं, आईला चांदीसारखं करून द्यावं. ॲसिडमध्ये टाकून दोन पिढ्यांचं तेल उतरवलं, बफ मारला, म्हणजे घासून गुळगुळीत केलं, निकेल चढवलं, पुन्हा बफ मारला. आरशासारखं झालं, तोंड दिसत होतं त्यात. होळीला घेऊन गेलो. आईने काही न बोलता चुलीवर ठेवलं, कांद्याने तेल फिरवलं आणि पीठ ओतलं. पहिला घावन असा बसला की उलथन्याने खरवडून काढावा लागला. दुसराही तसाच. तिसऱ्यानंतर तिने भिडं उतरवलं आणि म्हणाली, "चांदीचं केलंस ना, आता देव्हाऱ्यात ठेव."

परत भोसरीला आणून, गंधकाम्लात उलटी वीज देऊन मी ते निकेल उतरवलं. भिडं पुन्हा घावन सोडायला लागायला वर्ष गेलं. त्या वर्षभरात प्रत्येक फोनवर मला त्याची आठवण करून दिली गेली. आता विचार करतो तेव्हा आणखी एक गोष्ट टोचते: तो बाथ हँडलांसाठीचा होता, खाण्याच्या भांड्यासाठीचा नव्हता. त्याकडे पुढे येतो.

असं का झालं, ते समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बिडाचा पोत डोळ्यांना कितीही गुळगुळीत वाटला तरी तो बारीक छिद्राळ असतो. त्यात कार्बन सुमारे ३ टक्के, आणि तोही ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला. तापलेल्या बिडावर तेलाचा पातळ थर दिला की तो त्या पोतात रुततो, आटतो आणि घट्ट चिवट कातडीसारखा होतो. घावन सुटतो तो त्या तेलाच्या कातडीवरून, लोखंडावरून नव्हे. निकेलचा बफ मारलेला पृष्ठभाग म्हणजे तेलाला धरायला काहीच नाही. थर बसतो, पण ठिपक्याठिपक्यांनी. चिकट तपकिरी डाग पडतात आणि दोन धुण्यांत निघून जातात. मुलामा दिलेलं भांडं म्हणून ते चिकटणार नाही, हा समज दुकानात चकाकी पाहून होतो. मुलामा दिला गेला तो गंजू नये आणि चांगलं दिसावं म्हणून. निदान तुमच्या स्किलेटच्या काळात तरी एवढाच हेतू होता.

त्या काळाबद्दल दोन शब्द, कारण जुनी वस्तू घेताना त्याचा उपयोग होतो. निकेल प्लेटिंग धंद्याच्या पातळीवर चालू झालं ते बॉस्टनच्या आयझॅक ॲडम्सने १८६९ मध्ये पेटंट घेतल्यावर. तुमच्या स्किलेटच्या ग्रिस्वोल्ड कंपनीची सुरुवात त्याच सुमाराची, १८६५ ची, पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावात, आणि तीही भांड्यांनी नव्हे तर दाराच्या बिजागऱ्यांनी. पुढे त्यांची भांडी घरोघरी गेली. १९५७ मध्ये ईरीचा कारखाना बंद झाला. ओहायोत सिडनी गावी वॅग्नर ही त्यांची प्रतिस्पर्धी कंपनी होती, १८९१ पासूनची. त्यांचीही निकेलची भांडी तुमच्याकडच्या जुन्या बाजारात भरपूर दिसतील. तेव्हा एकच स्किलेट साधं किंवा निकेल चढवलेलं असं दोन्ही प्रकारे मिळायचं, आणि निकेलवाल्याला थोडे जास्त पैसे पडायचे. क्रोम आलं ते १९२५ च्या आसपास. म्हणजे पाठीवरच्या खुणा जुन्या आणि मुलामा मात्र क्रोमचा असेल, तर तो मागाहून कुणीतरी चढवलाय.

निकेल आणि क्रोम ओळखायचे कसे? चुंबक उपयोगाचा नाही, खाली बीडच असल्यामुळे तो सगळ्याला चिकटतो, आणि निकेल स्वतःही चुंबकाला धरतं. उजेडात घरातल्या स्टीलच्या डावाशेजारी धरून बघा. निकेलच्या चकाकीत किंचित पिवळसर ऊब असते, जुन्या रुपयाच्या नाण्यासारखी. क्रोम निळसर आणि थंड दिसतं. क्रोमच्या खालीही बहुधा निकेलच असतं, वरचं क्रोम अगदी नावापुरतं, मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही कमी. एकाच भांड्यावर मधे पिवळट आणि कडेला निळसर दिसलं, तर क्रोम झिजून निकेल वर आलंय. आणि झिजलेल्या जागेच्या काठाला गुलाबी-तांबूस रेघ दिसली, तर खाली तांब्याचा थर आहे. ते बहुतेक वेळा नंतरच्या प्लेटिंगचं लक्षण असतं. असलं भांडं स्वयंपाकाला घेऊ नका, उघड्या पडलेल्या तांब्यावर आंबट चालत नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: तो मुलामाच नसतो, चंदेरी रंग असतो. शेगडीला मारतात तो उष्णता सोसणारा ॲल्युमिनियमचा रंग फवारून काही विक्रेते गंजकं स्किलेट 'निकेल' म्हणून खपवतात. पाठीच्या बाजूला, कुठे दिसणार नाही अशा जागी, किल्लीच्या टोकाने ओरखडा काढा. रंग असेल तर भुकटी निघते. निकेल असेल तर नुसती रेघ उठते, तीही चकचकीत. जस्ताचा मुलामाही कधीकधी दिसतो, राखाडी आणि निस्तेज. आंबट पदार्थात जस्त सहज उतरतं, तेही नको.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे. तळ करडा पडलाय म्हणजे निकेल कुठे गेलं? बहुतेक उलथन्याने आणि घासणीने साठ-सत्तर वर्षांत झिजून गेलं. झिजणं आणि सुटणं यांत फार फरक आहे, आणि हे भांडं ठेवायचं की नाही ते त्यावरच ठरतं. झिजलेला मुलामा हळूहळू पातळ होत जातो. चकाकी कुठे संपते आणि करडा रंग कुठे सुरू होतो, ते नेमकं दाखवता येत नाही. त्या सीमेवर डोळे मिटून नख फिरवा. काही लागलं नाही, तर चिंता नाही. सुटलेला मुलामा मात्र फोडासारखा वर येतो, त्याची कड नखाला अडते, कधी टिकलीएवढा पापुद्रा हातात येतो. असं भांडं भिंतीवर टांगा, त्यात शिजवू नका. पापुद्रे जेवणात जातील, आणि त्यांच्याखाली गंज चालूच असतो.

तो गंज का चालू असतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. बादलीला जस्त चढवतात ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी मरतं. निकेल तसं नाही, निकेल म्हणजे नुसती छत्री. छत्रीला भोक पडलं की तिथलं लोखंड भिजतं, आणि निकेलच्या संगतीत असल्यामुळे एरवीपेक्षा लवकर गंजतं. बिडावरच्या मुलाम्यात बारीक छिद्रं असतातच, कारण ग्राफाइटवर निकेल नीट बसत नाही. म्हणून निकेलचं स्किलेट 'गंजत नाही' म्हणून रात्रभर सिंकमध्ये भिजत टाकलं की छिद्रांतून पाणी खाली शिरतं आणि महिन्याभरात फोड उठतात. निकेल असो नसो, धुतलं की लगेच पुसा आणि मंद आचेवर दोन मिनिटं ठेवून खडखडीत वाळवा. डिशवॉशरमध्ये तर कधीच नको.

यजमान म्हणतात ते विषाचं. ते पूर्ण चुकीचं नाही, पण पत्ता चुकलाय. निकेलची धूळ आणि वाफेतले क्षार श्वासातून जाणं हे खरंच घातक आहे. आम्हा प्लेटिंगवाल्यांना आणि निकेलच्या भट्टीवर काम करणाऱ्यांना त्यापासून जपावं लागतं. म्हणून एक गोष्ट कृपा करून करू नका: या स्किलेटला ग्राइंडर किंवा सँडपेपर लावून 'तळ साफ' करायला जाऊ नका. खाण्यातून जाणाऱ्या निकेलचा हिशेब वेगळा. काजू, कोको, सोयाबीन, ओट, डाळी यांतून आपण रोज थोडं निकेल खातोच, आणि तुमच्या ३०४ स्टीलच्या पातेल्यातही निकेल ८ टक्क्यांच्या वर असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये रोजची सोसवणारी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे १३ मायक्रोग्रॅम ठरवली. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पाऊण मिलिग्रॅमच्या थोडं वर. कोरडं परतणं, तळणं यात भांड्यातून उतरणारं निकेल अगदी कमी. आंबट घालून तासभर रटरटवलं आणि तसंच झाकून ठेवलं, तर मात्र ते वाढतं.

खरी अडचण ॲलर्जीवाल्यांची. घरात कुणाच्या कानाच्या पाळ्या खोट्या कानातल्यांनी चिघळतात का? जीन्सच्या बटणाखाली बेंबीशी खाज उठते का? घड्याळाच्या पट्ट्याने मनगट लाल होतं का? तसं असेल तर ती बहुधा निकेलचीच ॲलर्जी. अशांपैकी काहींना पोटातून गेलेल्या निकेलनेही हातावर पुरळ उठतं. त्या घरात हे स्किलेट नको, एवढं सरळ आहे. लहान मुलांबद्दलही हेच तपासा. आणि पुरळ उठलेलं असेल तर माझं नव्हे, त्वचेच्या डॉक्टरांचं ऐका. क्रोमबद्दलही लोक घाबरतात. ते विष बाथमधल्या क्रोमिक ॲसिडचं. भांड्यावर बसलेलं क्रोम हा साधा धातू, स्टीलच्या अंगावर असतो तोच.

एक धोका मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. शिसं. अमेरिकेत जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या आणि मासेमारीची वजनं ओतायची सवय होती. असं भांडं धुऊन, तेल लावून बाजारात येऊ शकतं. हार्डवेअरच्या दुकानात शिसं तपासायच्या काड्या मिळतात. आतल्या तळाला, विशेषतः करड्या भागाला आणि कडेच्या ओतायच्या चोचीला एकेक घासून बघा. रंग बदलला तर त्या भांड्याला स्वयंपाकघरात जागा नाही. ते घासून, तापवून शुद्ध होत नाही.

एवढं सगळं पार पडलं, तर तुमच्या स्किलेटचं काय? ते आता अर्धं निकेलचं, अर्धं बिडाचं आहे, आणि मला ते फार आवडलं. चकचकीत निकेलपेक्षा हे बरं. मधला तळ उघडं बीड आहे, म्हणजे तिथे तेलाची कातडी धरेल. साबणाने धुवा, वाळवा, कोमट करा. जवसाचं नको, साधं शेंगदाण्याचं किंवा कॅनोला तेल दोन-चार थेंब सगळीकडे चोळा. मग कोरड्या फडक्याने असं पुसा की जणू चुकून लागलं होतं आणि आता काढताय. ओव्हनमध्ये उपडं घालून ४५० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३० सेल्सिअसला, तासभर ठेवा. असं तीनदा. निकेलच्या भागावर थोडी तपकिरी झाक येईल, येऊ दे. तेल जास्त राहिलं असेल तर मधासारखे ओघळ दिसतील. ते खाण्याचा सोडा आणि पाणी कालवून मऊ फडक्याने निघतात. तांब्यापितळेची पावडर किंवा तारेची घासणी वापरू नका. पावडरीतलं आंबट निकेलला लागतं आणि तार उरलेला मुलामा खाते.

यानंतर थालीपीठं खुशाल लावा. थालीपिठाला तेल सढळ, भोकं पाडून त्यातही तेल, वर झाकण, मंद आच. त्यात चिकटायला संधीच नसते. पाच-सहा महिने थालीपीठं, काचऱ्या, भाकरीचे परतलेले तुकडे असं करत राहिलात की मधला तळ काळा होईल. तेव्हा आंबोळी घालून बघा, घावन त्याच्याही नंतर. आंबोळीचं पीठ आंबलेलं आणि दाट, ते थोडं क्षमा करतं. घावनाचं पीठ पातळ, ते कुणालाच क्षमा करत नाही. मधल्या काळात घावन हवेच असतील तर सरळ साधं, मुलामा नसलेलं बीड घ्या. टेनेसीच्या लॉज कंपनीची स्किलेट आणि तवे १८९६ पासून बनतायत, तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील. पुढच्या वेळी देशातून येताना कोकणातलं भिडं आणलंत तर त्याहून उत्तम.

पिठल्याचं म्हणाल तर साधं पिठलं चालेल. पण आमसूल किंवा चिंच घालत असाल तर या भांड्यात नको. इथे एक गंमत लक्षात घ्या. पूर्ण, धड निकेलच्या स्किलेटचा साध्या बिडापेक्षा एकच मोठा फायदा असतो: टोमॅटो, लिंबू, थोडी वाइन असं आंबट पाच-दहा मिनिटं चालतं. रस्सा काळा पडत नाही, लोखंडाची चव लागत नाही. तुमच्या स्किलेटचा तळ उघडा पडल्यामुळे तो फायदाच गेला. आंबट घातलंत तर नवी कातडी निघेल आणि वर निकेलच्या संगतीने लोखंड जास्त उतरेल. आमटी, सार, रस्सम यांना स्टील आहे. बिडाचीच आवड असेल तर एनॅमलचं भांडं घ्या. एनॅमल म्हणजे भाजून चिकटवलेली काच, ती आंबटाला दाद देत नाही.

ज्यांना पूर्ण मुलाम्याचं, चांगल्या अवस्थेतलं स्किलेट मिळालंय किंवा नवं घ्यायचंय, त्यांच्यासाठी. अमेरिकेत काही छोटे कारखाने आता निकेल चढवलेली बिडाची भांडी नव्याने करतात. या भांड्यांकडे तवा म्हणून बघू नका, जड स्टीलची कढई म्हणून बघा. मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्या. बीड उष्णता सावकाश पसरवतं, ॲल्युमिनियमच्या साधारण एकपंचमांश वेगाने, त्यामुळे घाई केली की मधे जळतं आणि कडा थंड राहतात. पाण्याचा थेंब टाका. तो चुरचुरून आटला तर अजून थांबा, मोत्यासारखा पळायला लागला की आच कमी करून तेल घाला. तेल पातळ होऊन लाटेसारखं हललं की पदार्थ टाका, आणि मग हात लावू नका. रव्यात घोळवलेली सुरमई सुरुवातीला धरून बसते, कड लाल झाली की आपण होऊन सुटते. लवकर उलथायला गेलात तर कातडं तव्याला आणि मासा उलथन्याला.

आणखी एक सुख आहे, ते मला वापरल्यावर कळलं. काळ्या तव्यात फोडणी दिसत नाही, आवाजावर आणि वासावर चालावं लागतं. निकेलच्या उजळ तळावर लसूण नेमका कधी बदामी झाला, कढवताना तुपाची बेरी कधी लाल झाली, सगळं स्वच्छ दिसतं. चिकन परतल्यावर तळाशी राहिलेली खरवड पाणी घालून सोडवली की रश्शाला काय रंग येतो! काळ्या बिडात ती खरवड आणि तेलाची जुनी कातडी वेगळी ओळखायला येत नाही. ज्यांच्याकडे रोज फोडण्या, परतण्या होतात आणि घावन-आंबोळी महिन्यातून एकदा, त्यांना निकेल खरोखर सोयीचं आहे.

उलट ओव्हनमधल्या भाजण्याला ते थोडं मंद. चकचकीत पृष्ठभाग उष्णता फेकतही कमी आणि शोषतही कमी, काळा पृष्ठभाग दोन्ही भरपूर करतो. म्हणून काळ्या स्किलेटमधल्या मक्याच्या ब्रेडची बूड खरपूस होते, निकेलच्यात फिकट राहते. दहा मिनिटं जास्त द्या. याच गुणामुळे मोठ्या हॉटेलांत क्रोम चढवलेले ग्रिडल, म्हणजे मोठे सपाट तवे, असतात: समोर उभ्या राहणाऱ्या स्वयंपाक्याला झळ कमी लागते.

रिकामं भांडं तापत ठेवून फोनवर बोलत बसू नका. निकेलवर निळी-पिवळी झाक आली तर घाबरायचं नाही, तो नुसता तापल्याचा डाग. पण फार तापलं की मुलामा आणि बीड वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि सांधा ढिला होतो. म्हणून ओव्हनच्या स्वतःची सफाई करण्याच्या आचेत हे टाकू नका. जुना जळका थर काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी चालतं, निकेल कॉस्टिकला दाद देत नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा मात्र हवी. काही लोक बॅटरी चार्जर लावून वीज देऊन गंज काढतात, मुलाम्याच्या भांड्याला ते करू नका. खालून गंज सुटताना मुलामाही उठतो. चुकून तारा उलट जोडल्या आणि भांड्यावर क्रोम असेल, तर पाण्यात घातक क्रोमियम उतरेल. व्हिनेगरमध्ये बुडवणंही नको.

राहिला मैत्रिणीचा सल्ला. पुन्हा प्लेटिंग करून घेऊ नका. माझाच धंदा होता, तरी सांगतोय. बंपर आणि मोटारसायकलीचे भाग करणारा प्लेटर ब्राइट निकेल वापरतो. त्या बाथमध्ये चकाकीसाठी गंधक असलेली रसायनं असतात, त्यात चक्क सॅकरीनही असतं. त्या निकेलमध्ये थोडं गंधक उतरतं आणि तापल्यावर ते ठिसूळ होतं. बंपरला काय, तो कुठे चुलीवर चढतो? जुन्या ग्रिस्वोल्डचं निकेल साधं, मऊ, हाताने बफ मारलेलं असायचं, म्हणून ते इतकी वर्षं आच सोसून टिकलं. वीज न लावता रसायनाने चढवतात त्या निकेलच्या जुन्या बाथमध्ये शिसं आणि कॅडमियम घालायची पद्धत होती. आता त्याविना बाथ मिळतात, पण समोरच्या प्लेटरकडे कोणता आहे हे तुम्हाला बघून कळणार नाही. शिवाय बिडाच्या छिद्रांत ॲसिड अडकतं आणि महिन्याभराने डाग बनून बाहेर येतं. पितळेच्या पातेल्याला कल्हई उडाली की कल्हईवाल्याकडे न्यायचं, तसं हे नाही. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, नवसागर आणि कापूस घेऊन माणूस दारात बसून ती लावतो. निकेलला टाक्या लागतात, आणि टाकीत काय आहे याची जबाबदारी घेणारा लागतो.

सासूबाईंसाठी दुसरं शोधताना किमतीत फसू नका. मुलामा शाबूत असलेल्या भांड्याचे पैसे संग्रह करणारे लोक चढवून ठेवतात, स्वयंपाकाला त्याचा फायदा तेवढा नाही. आठ नंबर म्हणजे आठ इंच नव्हे. तो लाकडं जाळायच्या जुन्या शेगडीच्या भोकाचा नंबर, तोंडाशी भांडं साडेदहा इंचांच्या आसपास भरतं. पाठीवर कडेने उठलेली गोल रिंग असेल तर तीही त्या भोकात बसायला होती. काचेच्या सपाट शेगडीवर तिच्यामुळे मधला तळ वर राहतो आणि सावकाश तापतो. गॅसवर काहीच अडत नाही, म्हणजे सांगलीत चालेल. टेबलावर ठेवून दांडा फिरवा. भोवऱ्यासारखं फिरलं तर तळ फुगलाय. मग दांड्याच्या भोकात बोट घालून लोंबकळतं धरा आणि बोटाच्या गाठीने टिचकी मारा. टण्ण असा लांबणारा आवाज हवा. 'बद्द' वाजलं तर तडा आहे, आणि मुलाम्याखालचा तडा डोळ्यांना दिसत नाही.

नेताना वजन साधारण दोन-सव्वादोन किलो धरा. हातातल्या बॅगेत अडवतील, मोठ्या बॅगेतच घाला. बीड जड असलं तरी ठिसूळ असतं, विमानतळावर बॅग आपटली की दांडा मुळाशी उडतो, आणि तो सहजी सांधून मिळत नाही. दोन चादरींमध्ये, दांडा बॅगेच्या मधोमध येईल असं बांधा. सांगलीला उघडलंत की चुलीवर चढवण्याआधी पुन्हा एकदा टिचकी मारून आवाज ऐका.